जाहिरातीतल्या बाईला कोपर का नसतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरा वर्षं मी जाहिरातींच्या फोटोंचं रिटचिंग केलं, म्हणजे संगणकावर फोटोतल्या सुरकुत्या, डाग, घड्या पुसल्या. साबण, शाम्पू, अंतर्वस्त्रं, घड्याळं, जे येईल ते. आता ते काम जवळजवळ सुटलंय आणि शाळा-कॉलेजांत, बायकांच्या गटांत या विषयावर बोलायला जाते. तिथे तेच ते प्रश्न येतात. काही सगळ्यांसमोर मोठ्याने विचारले जातात, काही सत्र संपल्यावर दाराशी थांबून, हळू आवाजात. दोन्ही प्रकारचे इथे घेतलेत.

जाहिरातीतल्या बाईचं शरीर खरं असतं का?

कॅमेऱ्यासमोर उभी असते ती हाडामांसाचीच बाई. पण शटर दाबण्याआधीच निम्मं काम उरकलेलं असतं. ड्रेस मागून क्लिपांनी आवळलेला असतो. मॉडेलने पाठ फिरवली तर दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेल्या कपड्यासारखी दिसते. दिवे अशा कोनात लावतात की गालाचं हाड वर यावं आणि हनुवटीखालच्या सावलीने जबड्याला धार यावी. कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणला की पाय लांब दिसतात. श्वास आत ओढलेला, मान पुढे काढलेली, वजन एका पायावर. हीच पोझ बाजूने बघा, हसू येईल. अशा शेकडो फ्रेम्समधून एक निवडतात. मस्काऱ्याच्या जाहिरातीत तर पुष्कळदा खोट्या पापण्या जोडलेल्या असतात आणि तसं खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलंही असतं.

मग फाइल माझ्यासारखीकडे येते. हाताला लावायच्या क्रीमची एक जाहिरात मला अजून आठवते. मॉडेल टेबलावर कोपर टेकून बसलेली. सोबतच्या प्रिंटवर लाल गोल केले होते: काखेजवळची घडी, दंडावरचा लसीचा व्रण, मनगटावरची शीर, मानेवरच्या दोन आडव्या रेषा आणि कोपर. कोपराशेजारी लिहिलं होतं, ‘स्वच्छ करा’. केलं. फाइल परत आली, ‘अजून’. तिसऱ्या फेरीला तिथे एकही सुरकुती शिल्लक नव्हती. आता कोपरावरच्या सुरकुत्या म्हणजे हात वाकता यावा म्हणून ठेवलेली जादाची कातडी. ती काढली तर हात वाकणार कसा? चित्रात मात्र तो छान वाकलेला होता. क्लायंटला खटकलं नाही, छापणाऱ्याला नाही, बघणाऱ्यांनाही नाही. मलाही तेव्हा नाही. बिल पाठवलं आणि जेवायला गेले.

कधीकधी हात जास्त चालतो आणि जगाला दिसतं. २००९ मध्ये राल्फ लॉरेन या कपड्यांच्या कंपनीच्या एका जाहिरातीत मॉडेलची कंबर तिच्या डोक्यापेक्षा अरुंद झाली होती. कंपनीला चूक कबूल करावी लागली. पण अशी जाहिरात पकडली जाते ती काम वाईट झालं म्हणून. चांगलं झालेलं काम कुणाच्या लक्षातच येत नाही.

म्हणजे फोटोशॉप यायच्या आधी सगळं खरं होतं?

छे. फोटोशॉप १९९० चं. त्याआधी एअरब्रश होता, म्हणजे फोटोवर रंगाचा बारीक फवारा मारणारं यंत्र; त्याच्याही आधी निगेटिव्हवर पेन्सिलने आणि पात्याने काम करणारे कारागीर होते. फरक वेगाचा पडला. जे करायला आमच्या आधीच्या पिढीला दिवस लागायचा ते मी चहा थंड व्हायच्या आत करायचे. आता फोन आपण होऊन करतो, विचारतसुद्धा नाही.

अमुक म्हणजे दोष, हे ठरवतं कोण?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा लांबण लावते.

काखेतले केस घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बिनबाह्यांचे कपडे आले आणि १९१५ मध्ये जिलेटने खास बायकांसाठी म्हणून रेझर काढला, मिलेडी डेकोल्टे नावाचा. पुरुषांना रेझर विकून झाले होते, उरलेलं अर्धं गिऱ्हाईक मोकळं होतं. त्या केसांचा तोवर फारसा कुणाला उपद्रव नव्हता. मासिकांतल्या जाहिरातींनी थोड्या वर्षांत तो करून दाखवला.

घामाची गोष्ट याहून भारी. १९१९ मध्ये लेडीज होम जर्नल या अमेरिकन मासिकात ओडोरोनो नावाच्या घाम रोखणाऱ्या औषधाची जाहिरात आली. लिहिणारा जेम्स वेब यंग. मतलब असा: तुमच्या अंगाला वास येत असेल, तुम्हाला तो कळत नसेल, आणि कुणी तोंडावर सांगणारही नाही. चिडून सुमारे २०० वाचक बायकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. वर्षभरात ओडोरोनोची विक्री मात्र दुपटीच्या वर गेली. रागावलेल्या बायका मोजता आल्या. घरी जाऊन गुपचूप स्वतःची काख हुंगणाऱ्या किती, ते विक्रीच्या आकड्यावरून समजून घ्यायचं.

तिसरं उदाहरण सेल्युलाइटचं. मांडीवर, नितंबांवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे दिसतात ना, ते. वयात आलेल्या बायकांपैकी ऐंशी-नव्वद टक्के जणींना ते असतात. कातडीखालच्या तंतूंची रचनाच अशी की मधली चरबी वर उचलली जाते. बारीक बायकांनाही असतात, खेळाडूंनाही असतात. तर हा शब्द मूळ फ्रेंच. १९६८ मध्ये व्होग या फॅशन मासिकाच्या अमेरिकन आवृत्तीने तो आपल्या वाचकांपुढे ठेवला आणि बघता बघता नेहमीच्या मांडीला रोगासारखं नाव मिळालं. नाव मिळालं की क्रीम येतं, क्रीमच्या मागून मसाज येतो, मसाजच्या मागून यंत्र.

आणि हे लोक नेहमी बारीकच व्हायला सांगतात असंही समजू नका. १९३० ते १९५० च्या दशकांतल्या अमेरिकन मासिकांत वजन वाढवायची टॉनिकं विकली जायची. ‘हाडकुळ्या मुलींकडे कोण बघतं?’ असाच सूर. १९६६ मध्ये ट्विगी ही काडीसारखी ब्रिटिश मॉडेल आली आणि हाडकुळेपणच फॅशन झाली. शरीर तेच होतं. तक्रार बदलली.

पण सौंदर्याच्या कल्पना तर पूर्वापार आहेत. सगळं जाहिरातींवर कशाला ढकलायचं?

सगळं ढकलत नाही. घरचे टोमणे, मैत्रिणींचं बोलणं, नातेवाइकांचं ‘जाड झालीस गं’, यांचा वाटा मोठा आहे. पण शंभर वर्षांपूर्वीची मुलगी स्वतःची तुलना करायची ती दिसणाऱ्या पाच-पन्नास माणसांशी, आणि त्यांना दातात फट, चेहऱ्यावर देवीचे व्रण, एक खांदा खाली असं काही ना काही असायचंच. आता दिवसाला शेकडो चेहरे डोळ्यांपुढून जातात आणि त्यातला प्रत्येक आधी निवडलेला, मग घासून काढलेला.

नुसत्या चित्रांनी एवढा फरक पडतो, याला पुरावा काय?

फिजीचा अभ्यास नेहमी सांगितला जातो, तो सांगण्यासारखाच आहे. पॅसिफिक महासागरातल्या फिजी या बेटांच्या देशात, नाड्रोगा प्रांतात १९९५ मध्ये टीव्ही आला. तिथे भरलेलं, मजबूत अंग चांगलं मानायचे. कुणी वाळलं तर लोकांना काळजी वाटायची. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने टीव्ही नुकताच आला होता तेव्हा शाळकरी मुलींना प्रश्नावली दिली, आणि तीन वर्षांनी १९९८ मध्ये पुन्हा. खाण्याच्या आजाराचा धोका दिसणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी १९९५ मध्ये एकही नव्हती. १९९८ मध्ये त्या ११.३ टक्के निघाल्या. गट लहान होते, साठ-पासष्ट मुलींचे, आणि दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, हेही लक्षात ठेवायला हवं. तरी शून्यावरून अकरा हा आकडा मला सोडत नाही.

दुसरा प्रयोग १९९८ मध्येच छापून आलेला, बार्बरा फ्रेडरिकसन आणि सहकाऱ्यांचा. कॉलेजच्या मुलामुलींना एकेकट्याने खोलीत आरशासमोर कपडे घालून बघायला सांगितले. काहींना पोहण्याचा पोशाख, काहींना स्वेटर. मग त्याच कपड्यांत गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं जास्त चुकली. मुलांना फरक पडला नाही. खोलीत बघणारं कुणीही नव्हतं, हे विसरू नका. लक्षाचा एक तुकडा ‘मी कशी दिसतेय’ यावर अडकून पडला, उरलेल्यावर गणित करायचं होतं.

मला पक्कं माहीत आहे की फोटो बदललेला आहे. तरी वाईट का वाटतं?

हा दाराशी विचारला जाणारा प्रश्न. विचारणारी बहुधा हुशार असते आणि स्वतःवरच चिडलेली असते, की कळतं पण वळत नाही.

यात तुमच्या अकलेचा दोष नाही. तुलना आपण ठरवून करत नाही, ती होऊन जाते. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की मोजायला पट्टी नसेल तर माणूस दुसऱ्या माणसाशी स्वतःला मोजतो. शिवाय डोळ्यांना सवय लागते. एका प्रयोगात लोकांना काही मिनिटं अरुंद केलेली शरीरं दाखवली, तेवढ्यावर त्यांची ‘साधारण’ शरीराची कल्पना अरुंदाकडे सरकली. ‘हा फोटो खोटा आहे’ हे वाक्य डोक्यात पोहोचेपर्यंत चित्र आपलं काम करून गेलेलं असतं.

माझंच बघा ना. त्या कोपरावरची प्रत्येक सुरकुती मी स्वतःच्या हाताने पुसली होती. दोन महिन्यांनी ती जाहिरात मोठ्या फलकावर लागली. सिग्नलला थांबले होते, वर बघितलं, आणि पहिलं काय केलं असेल तर बाही खाली ओढली.

मग ‘फोटोत बदल केला आहे’ असं लिहिण्याची सक्ती करून काय साधतं?

सक्ती आहे काही ठिकाणी. इस्रायलमध्ये २०१२ मध्ये कायदा झाला: मॉडेलचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, किमान १८.५ हवा आणि शरीर बारीक करून दाखवलं तर तसं लिहायला हवं. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून अशा जाहिरातींवर ‘रिटच केलेला फोटो’ असं छापावं लागतं, नाहीतर ३७,५०० युरोपर्यंत दंड. नॉर्वेत जुलै २०२२ पासून शरीराचा आकार, माप किंवा त्वचा बदललेल्या जाहिरातीला खूण लावावी लागते, पैसे घेऊन पोस्ट टाकणाऱ्या इन्फ्लुएन्सर्सनाही.

बघणारीला त्याने कमी वाईट वाटतं का? प्रयोगांत तसं फारसं दिसलेलं नाही. ‘मांड्या बदलल्या आहेत’ असं नेमकं लिहिलं तर नजर उलट मांड्यांवरच जाऊन बसते. तरीही मी या कायद्यांच्या बाजूने आहे, वेगळ्या कारणासाठी. ती खूण क्लायंटला नको असते. ती टाळायची तर कंबर आहे तशी ठेवावी लागते, आणि माझ्या टेबलावर येणारे लाल गोल कमी होतात.

ब्रिटनची तऱ्हा वेगळी. तिथली जाहिरातींवर नजर ठेवणारी संस्था, एएसए, तक्रार आली की एकेक जाहिरात तपासते. २०११ मध्ये जुलिया रॉबर्ट्स आणि क्रिस्टी टर्लिंग्टन यांच्या मेकअपच्या जाहिराती तिने थांबवल्या, कारण चेहऱ्यावरचा परिणाम त्या मेकअपचा की रिटचिंगचा, हे कंपनीला सिद्ध करता आलं नाही. हे मला जास्त पटतं. दोष दाखवायची जबाबदारी बघणारीवर नाही, खरेपणा दाखवायची जबाबदारी विकणाऱ्यावर.

बारीक मॉडेल घेतली नाही तर माल खपत नाही, असं कंपन्या म्हणतात. खरं आहे?

२००४ मध्ये एमा हॅलिवेल आणि हेल्गा डिटमार यांनी हेच तपासलं. सारख्याच आकर्षक चेहऱ्याची बारीक मॉडेल आणि सर्वसाधारण बांध्याची मॉडेल; जाहिरात दोन्हींची सारखीच परिणामकारक ठरली. एवढ्यावर मी या प्रश्नाला पूर्णविराम देते.

‘तू आहेस तशीच सुंदर आहेस’ म्हणणाऱ्या जाहिराती तरी चांगल्या ना?

आधीच्यांपेक्षा बऱ्या, नक्कीच. डव्हने २००४ मध्ये साध्या बांध्याच्या बायका फलकांवर आणल्या आणि २००६ मध्ये एका चेहऱ्याचं रिटचिंग होताना दाखवणारी छोटी फिल्म काढली. ती बघून माझ्या आईला माझं काम काय आहे ते पहिल्यांदा कळलं. पण डव्ह ज्या युनिलिव्हरचं, तीच कंपनी त्या काळात अ‍ॅक्स या पुरुषांच्या डिओच्या जाहिरातींत त्याच्या वासामागे धावणाऱ्या कमी कपड्यांतल्या बायका दाखवत होती. एका हाताने गोंजारायचं, दुसऱ्याने चिमटा काढायचा.

माझी खरी अडचण दुसरीच आहे. ‘प्रत्येक बाई सुंदर आहे’ म्हणताना सुंदर असण्याची अट तशीच राहते. घड्याळ विकताना पुरुषाला कुणी सांगत नाही की घाबरू नकोस, तू देखणा आहेस.

गोरेपणाच्या क्रीमबद्दल काय?

इथे प्रश्न मनाचा आहेच, शिवाय मूत्रपिंडाचाही आहे. त्वचा उजळवणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो. तो रंगद्रव्य तयार होऊ देत नाही आणि अंगात मुरला की मूत्रपिंडं आणि मज्जासंस्था बिघडवतो. लेबलवर तो लिहिलेला असेलच असं नाही. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त पारा असलेली सौंदर्यप्रसाधनं २०२० नंतर बनवायला आणि आयात-निर्यात करायला बंदी आली. त्याच वर्षी काही मोठ्या कंपन्यांनी ‘फेअर’सारखे शब्द नावातून काढले. आता ‘ग्लो’ आणि ‘ब्राइट’ म्हणतात. जाहिरातीत पहिल्या चित्रातला चेहरा दुसऱ्या चित्रात उजळतो तो अजूनही दिव्याने. मी केलेलं आहे, दोन मिनिटं लागतात.

पुरुषांनाही त्रास होतो ना?

होतो, आणि वाढतोय. सिक्स-पॅकचं पोट काही आपोआप येत नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

सोशल मीडियावर तर साध्या मुली असतात. तिथे बरं नाही का?

तिथे जास्त बोचतं. मॉडेल परकी असते, शेजारच्या बाकावरची मैत्रीण परकी नसते. फेसबुक कंपनीच्या आतल्या संशोधनाची कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली, त्यात स्पष्ट होतं: शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के जणी म्हणाल्या की इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटतं. फिल्टरची भर वेगळीच. पूर्वी लोक नटीचा फोटो घेऊन सर्जनकडे जायचे. आता स्वतःचाच फिल्टर लावलेला फोटो घेऊन जातात.

आता एआयच मॉडेल बनवतं म्हणे. मग खऱ्या बायकांची सुटका झाली?

सुटका कसली, आगीतून फुफाट्यात. हे तसं नवीनही नाही. २०११ मध्ये एचअँडएम या कपड्यांच्या कंपनीच्या वेबसाइटवर लोकांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या मॉडेल्स हुबेहूब त्याच पोझमध्ये उभ्या आहेत. शरीर संगणकावर बनवलेलं एकच होतं, त्यावर खऱ्या मुलींची डोकी बसवली होती आणि कातडीचा रंग जुळवला होता. २०२५ मध्ये व्होगच्या अमेरिकन अंकात गेस या कपड्यांच्या ब्रँडची जाहिरात आली, तिच्यातली बाई संपूर्णच एआयने बनवलेली. कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलं होतं. माझ्या कोपराच्या गोष्टीत निदान कुठेतरी एक खरं कोपर होतं.

दुकानात माझ्या मापाचं काही बसतच नाही. वजन वाढलंय का?

कदाचित, कदाचित नाही. एकच आकडा दोन कंपन्यांत दोन मापांचा असतो आणि एकाच कंपनीतही वर्षांगणिक सरकतो. नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. इथे कपडा बसेना, अंग वाकडं. टेपने मोजा, आकडा कापून टाका.

मुलगी विचारते, ‘मी जाडी आहे का?’ काय सांगू?

‘छे गं, मुळीच नाही’ हे उत्तर तोंडात तयार असतं. ते देऊ नका. त्यातून तिला एवढंच कळतं की जाड असणं भयंकर आहे आणि आई सध्या तरी तिला त्यातून सूट देतेय. आधी विचारा, ‘आज असं का वाटलं?’ बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं, किंवा एखादा व्हिडिओ असतो.

तिच्यासमोर स्वतःच्या पोटाबद्दल काय बोलता, ते तिच्या पोटाबद्दल काय बोलता त्यापेक्षा जास्त मुरतं. शरीर काय करतं यावर बोलणं उपयोगी पडतं, असं अभ्यासांतही दिसलंय: हे पाय जिना चढतात, हे हात चित्र काढतात. मोठ्या मुलींच्या गटांत बॉडी प्रोजेक्ट नावाचा कार्यक्रम वापरतात. त्यात मुली स्वतःच बारीकपणाच्या आदर्शाविरुद्ध बोलतात, लिहितात. दुसऱ्याला पटवता पटवता स्वतःचं मत हलतं. मी सत्रात याचं छोटं रूप करते: जाहिरात हातात देते आणि लाल पेनने गोल करायला सांगते, काय काय पुसलं असेल ते. दहा वर्षांच्या मुली माझ्यापेक्षा जास्त शोधतात. एकीने मॉडेलच्या बोटांकडे बघून विचारलं होतं, ‘हिच्या बोटांना पेरं कुठेत?’

डॉक्टरांकडे कधी जावं?

जेवण टाळणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, लपून खाणं, पाळी थांबणं, दुखत असूनही व्यायाम न सोडणं, दुसऱ्याला न दिसणाऱ्या एखाद्या व्यंगावर तासन्‌तास आरशासमोर घालवणं. यातलं काही आठवडेच्या आठवडे दिसलं तर वाट बघू नका. वजन ठीक दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. उलटी काढणाऱ्या अनेकींचं वजन अगदी साधारण असतं. अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजनाच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार, हा सर्वात जास्त जीव घेणाऱ्या मानसिक आजारांपैकी आहे. त्याला नखरे म्हणणाऱ्या डॉक्टरकडून उठून दुसऱ्याकडे जा.

मग मेकअप करायचाच नाही का?

करा की. मी लिपस्टिक लावल्याशिवाय सत्राला जात नाही.

तुम्हाला तरी आता आरशात बघून त्रास होत नसेल?

गेल्या वर्षी एका व्याख्यानाच्या पत्रकासाठी फोटो मागितला होता. विषय हाच. फाइल उघडली, मानेवरच्या दोन आडव्या रेषा दिसल्या, आणि बोट आपोआप ब्रशच्या शॉर्टकटवर गेलं. एक रेष पुसली. अनडू केलं. पुन्हा पुसली, पुन्हा अनडू. तिसऱ्या खेपेला खुर्चीवरून उठले, पाणी प्यायले आणि होती तशीच फाइल पाठवून दिली. पत्रक हातात आलं तेव्हा पहिल्यांदा मानच बघितली. छपाई इतकी वाईट होती की हनुवटीच्या खाली नुसता काळा डाग आला होता.